आधी मंजुरी, मग मुहूर्त, तिकीट शेवटी

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवऱ्याची नोकरी जूनमध्ये बदलते आहे आणि त्याच सुमारास शेजारच्या गावी भाड्याच्या नव्या घरात जायचं आहे. आमचे एच-१बी (नोकरीचा) आणि एच-४ (कुटुंबीयांचा) व्हिसाचे शिक्के संपलेत, ते भारतात काढायचेत. मुलगा आठ वर्षांचा, इथेच जन्मलेला. त्याची मुंज पुण्यात व्हावी अशी सासूबाईंची इच्छा आहे. परतताना सासू-सासरेही सोबत येतील. तिकिटं रोज महागतायत. ती आधी काढून मोकळं व्हावं का?

उत्तर: नका काढू. या सगळ्यात तिकीट ही सर्वांत सोपी गोष्ट आहे. उशीर झाला तर चार पैसे जास्त पडतील, पण मिळेल. मंजुरी, मुलाखतीची वेळ आणि मुहूर्त या गोष्टी पैसे मोजून मिळत नाहीत, म्हणून तारखा त्यांनी ठरवायच्या. बहुतेक घरांत होतं ते उलट. हिवाळ्यात स्वस्त मिळालं म्हणून तिकीट, त्या तिकिटात बसेल अशी मुंज, आणि मुंजीतून उरलेल्या दिवसांत व्हिसा. मग व्हिसाचं घोंगडं भिजत पडतं आणि शाळा सुरू होते. अगदीच राहवत नसेल तर तारीख बदलता येणारं तिकीट थेट विमान कंपनीकडून घ्या. उड्डाणाला ७ दिवस किंवा जास्त असतील तर अमेरिकेत असं तिकीट २४ तासांत पूर्ण पैसे परत घेऊन रद्द करता येतं. एजंटकडून घेतलेल्या तिकिटाला ही सोय मिळेलच असं नाही.

सुरुवात नोकरीपासून करू. एच-१बीवर नोकरी बदलताना नवी कंपनी आधी श्रम खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचा दाखला, घेते, त्याला कामाचे ७ दिवस लागतात. मग मुख्य अर्ज जातो. अर्ज दाखल झाला की मंजुरीची वाट न पाहता नव्या ठिकाणी काम सुरू करता येतं. गल्लत होते ती इथेच. काम करता येतं म्हणजे प्रवासही करता येतो, असं लोक धरून चालतात. पण तुमचे शिक्के संपलेत आणि अर्जाच्या नुसत्या पावतीवर नवा शिक्का मिळत नाही. त्यासाठी नव्या कंपनीच्या नावाची मंजुरी, म्हणजे आय-७९७ची मंजुरीची प्रत, लागते.

दुसरा धोका जास्त महागडा आहे. १९ सप्टेंबर २०२५च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क लागू झालं. नंतरच्या खुलाशानुसार, अमेरिकेत असताना केलेल्या अर्जातला मुक्काम वाढवण्याचा किंवा दर्जा बदलण्याचा भाग नाकारला गेला, तर तेच शुल्क गळ्यात पडू शकतं. अर्ज प्रलंबित असताना देश सोडणं हे नकाराचं एक नेहमीचं कारण आहे. म्हणून मंजुरी हातात येईपर्यंत नवऱ्याने देश सोडायचा नाही, आणि कंपनीच्या वकिलाकडून प्रवासाबद्दलचं मत ईमेलवर घ्यायचं. फोनवरचं ‘काही हरकत नाही’ कामाचं नाही.

कंपनीला प्रीमियम प्रक्रियेने अर्ज करायला सांगा. त्यात कामाच्या १५ दिवसांत उत्तर येतं. पण जादा पुरावे मागणारी नोटीस आली तर हेच घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एलसीए, कागद जमवणं आणि प्रीमियम मिळून सरळ गेलं तरी सहा आठवडे जातात. जूनअखेर निघायचं असेल तर मेच्या सुरुवातीला काम सुरू झालेलं असावं. राजीनामा पावतीनंतर देता येतो, पण मंजुरीनंतर दिलेला बरा. ठरलेली रजा ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. रुजू झाल्यावर दोन आठवड्यांत पाच आठवड्यांची रजा मागणं फार जड जातं.

दोन नोकऱ्यांमध्ये आरोग्य विम्याला फट पडते. काही ठिकाणी जुना विमा शेवटच्या दिवशी संपतो, काही ठिकाणी महिनाअखेरीला. ते आधी विचारा. कोब्रा (जुना विमा स्वतःच्या पैशाने पुढे चालवणं) घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणून लगेच पैसे भरायची गरज नसते, पण फॉर्म कुठे ठेवलाय ते माहीत हवं. वैद्यकीय एफएसएमधले, म्हणजे औषधोपचारासाठी पगारातून बाजूला ठेवलेले, पैसे मात्र सहसा शेवटच्या कामाच्या दिवसाआधी केलेल्या खर्चालाच मिळतात. चष्मे, दात काय करायचं ते आधी उरकून घ्या.

तुम्ही स्वतः एच-४च्या वर्क परमिटवर काम करत असाल तर कार्डाची तारीख आजच बघा. नूतनीकरणाचा अर्ज केला की जुनं कार्ड ५४० दिवस आपोआप चालू राहायचं, ती सवलत ३० ऑक्टोबर २०२५पासून केलेल्या अर्जांना नाही. मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. कार्ड प्रवासाला चालत नाही, परतायला एच-४चा शिक्काच लागतो, हेही ध्यानात असू द्या.

आता मुहूर्त. या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून २०२६. त्यात मुंज नाही, लग्न नाही. निज ज्येष्ठ १६ जूनला सुरू होतो आणि १४ जुलैच्या अमावस्येला संपतो. मुंजी उत्तरायणात करायची रीत, आणि ते संपवणारी कर्क संक्रांत जुलैच्या मध्यात येते. न्यू जर्सीच्या शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालतात. म्हणजे तुमच्या हाती जेमतेम तीन आठवडे आहेत. त्यातही तिथी, नक्षत्र आणि गुरू-शुक्राचे अस्त बघून गुरुजी दोन-चारच दिवस सांगतील. अमेरिकेत मे महिन्यातच सुट्टी लागणाऱ्या राज्यांतल्या घरांना यंदा याचा जास्त फटका आहे, कारण त्यांच्या सुट्टीचे सुरुवातीचे आठवडे अधिक महिन्यातच जातात. काही गुरुजी काढीव मुहूर्त देतात. घरच्या वडीलधाऱ्यांना ते चालतं का, हे कार्यालय ठरवण्याआधी विचारा. बिदागी देतानाचा वाद कोणाला नको असतो.

पोहोचल्यावर किमान आठवड्याने मुंज धरा. वेळेच्या फरकाने मुलं पहिले चार-पाच दिवस पहाटे तीनला जागी होतात आणि दुपारी चारला पेंगतात. मुहूर्त सकाळचा असेल तर निभावतं, पण संध्याकाळच्या भिक्षावळीला बटू झोपलेला असतो. गायत्री मंत्र आणि संध्येतलं आचमन अमेरिकेतच दोन महिने आधी शिकवायला घ्या, व्हिडिओ कॉलवर आजोबांकडून शिकला तर उत्तमच. पावसाळा असल्याने वरात-मांडव उघड्यावर नको. भटारखाना आणि पंगत एकाच छताखाली आहे का, गाड्या लावायला चिखल नसलेली जागा आहे का, ते सासऱ्यांना प्रत्यक्ष जाऊन बघायला सांगा. २५ जुलैला आषाढी एकादशी आहे. म्हणजे जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पालख्या पुण्यात मुक्कामाला असतील. त्या दिवसांत शहरातले रस्ते बंद असतात, त्यामुळे कार्यालय त्या वाटेवर नसावं. आणि ओसीआयसाठी (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड) किंवा पासपोर्टसाठी फोटो लागणार असेल तर तो मुंडणाआधी काढून ठेवा.

हापूसची आशा धरू नका. जूनअखेरीला तो संपलेला असतो.

व्हिसाची मुलाखत मुक्कामाच्या पहिल्या दहा दिवसांतली बघा, शेवटच्या नव्हे. पूर्वी ड्रॉपबॉक्समध्ये कागद टाकून काम व्हायचं. २ सप्टेंबर २०२५पासून एच-१बी आणि एच-४ या दोघांनाही मुलाखतीला जावं लागतं. एखादं भावंड एच-४वर असेल तर १४ वर्षांखालचं असलं तरी न्यावं लागतं. १५ डिसेंबर २०२५पासून या व्हिसांच्या अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासली जातात आणि ती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं आहे. त्या वेळी भारतातल्या कित्येकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे गेल्या आणि माणसं तिथेच अडकली. म्हणून मुलाखतीची तारीख हातात आल्याशिवाय तिकीट नको. मुलाखत आणि परतीच्या विमानात तीन आठवडे ठेवा. २२१(जी)चा, म्हणजे व्हिसा थांबवून आणखी तपासणी करण्याचा, कागद हातात पडला तर तेही पुरणार नाहीत. तशी वेळ आलीच तर आठवडाभर पुण्यातून काम करायला परवानगी आहे का, हे कंपनीला आधीच विचारून ठेवा.

डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म दोघांनी वेगवेगळा भरायचा. त्याचा बारकोड क्रमांक मुलाखतीच्या नोंदणीतल्या क्रमांकाशी जुळलाच पाहिजे. चूक सापडली म्हणून नवा फॉर्म भरला आणि नोंदणीत क्रमांक बदलायला विसरलं तर दारातून परत पाठवतात. सोबत आय-७९७, नव्या कंपनीचं पत्र, ताज्या तीन पगारपावत्या, मागच्या वर्षीचा डब्ल्यू-२ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आणि विवाह प्रमाणपत्र न्या. नव्या कंपनीची एकच पगारपावती असेल तर जुन्या कंपनीच्या शेवटच्याही ठेवा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत फोन आणि बॅग आत नेता येत नाही. पुण्याहून येणाऱ्यांनी फोन सांभाळायला एक माणूस सोबत आणावा.

कागदांवरच्या नावांबद्दल सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रातल्या माणसाची सर्वांत जास्त अडवणूक तिथेच होते. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. भारतीय पासपोर्टवर ते पहिल्या नावाच्या रकान्यात जोडून येतं. अमेरिकेत कुणी ते गाळतं, कुणी फक्त आद्याक्षर ठेवतं, कुणी चुकून आडनावात टाकतं. त्यात बाईचं लग्नाआधीचं नाव वेगळं, नंतरचं वेगळं, कधी सासरी पहिलं नावही बदललेलं. मुलाच्या अमेरिकी जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव असतं आणि तिच्या पासपोर्टवर सासरचं. ओसीआयचा अर्ज तपासणाऱ्याला या दोन बायका वेगळ्या वाटतात. दोन्ही नावं एकत्र दाखवणारा एकमेव कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र, महाराष्ट्रात ज्याला नमुना ‘ई’ म्हणतात. मंगल कार्यालयाचं पत्र किंवा लग्नाची पत्रिका त्याची जागा घेऊ शकत नाही. ज्यांनी लग्नाची नोंदणीच केलेली नाही त्यांनी याच फेरीत महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे करून घ्यावी. नवरा-बायको, तीन साक्षीदार आणि नमुना ‘ड’वर लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते. गुरुजी हयात आहेत का, हे आधी चौकशी करून ठेवा. लग्नानंतर पहिलंच नाव बदललं असेल आणि ते कुठल्याच कागदावर जोडलेलं नसेल तर शासनाच्या राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलावं लागतं. त्याला वेळ लागतो, आयत्या वेळी होत नाही.

मुलाकडे भारतीय पासपोर्ट नाही, त्यामुळे त्याला ओसीआय किंवा व्हिसा हवा. ओसीआय अमेरिकेतून व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत होतं. दोन्ही पालकांच्या सह्या, दोघांचे पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा आणि जन्मदाखला लागतो. जन्मदाखला म्हणजे नगरपालिकेने किंवा राज्याने दिलेली प्रमाणित प्रत. पावलांचे ठसे असलेला हॉस्पिटलचा सुंदर कागद फक्त अल्बमात ठेवायचा. दोन महिने हाताशी नसतील तर या फेरीला ई-व्हिसा काढा आणि ओसीआय परत आल्यावर करा. एक वर्षाचा ई-पर्यटक व्हिसा प्रवासाच्या १२० दिवस आधीपासून मागता येतो, ३० दिवसांचा मात्र ३० दिवस आधीपासूनच. त्या नावाच्या बनावट साइट पुष्कळ आहेत, खऱ्या साइटचा पत्ता ‘गव्ह.इन’ने संपतो. पूर्वीच ओसीआय असेल आणि मधल्या काळात मुलाचा पासपोर्ट बदलला असेल तर नवं कार्ड काढायला नको. नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो ऑनलाइन चढवायचा, पासपोर्ट मिळाल्यापासून तीन महिन्यांत.

मुलाचा अमेरिकी पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो. आठव्या वर्षी तो दुसरा चालू असेल. प्रवासाच्या दिवशी सहा महिने तरी शिल्लक हवेत. नवा काढायला १६ वर्षांखालच्या मुलासोबत दोन्ही पालकांनी जावं लागतं. एकाला जमत नसेल तर डीएस-३०५३ या संमतीपत्रावर नोटरीसमोर सही करून द्यायची. तुमच्या दोघांच्या भारतीय पासपोर्टचीही तारीख बघा. आय-७९७वर २०२९ असलं तरी पासपोर्ट २०२७मध्ये संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४, म्हणजे मुक्कामाच्या मुदतीची नोंद, बहुधा २०२७पर्यंतच देतो. मग नवा पासपोर्ट आला तरी आय-९४ आपोआप वाढत नाही. पुष्कळांच्या हे दोन वर्षांनी लक्षात येतं.

घर बदलणं जमल्यास निघण्याआधी उरका. पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ हा पत्ता कळवण्याचा फॉर्म भरायचा, तुम्ही दोघांनी वेगवेगळा. मुलाला लागत नाही. नव्या गावच्या शाळेत नाव घालायला भाडेकरार, विजेचं किंवा गॅसचं बिल आणि लसींचा दाखला मागतात. उन्हाळ्यात शाळेचं कार्यालय मोजकेच तास उघडं असतं, म्हणून हे जूनमध्येच करा. ऑगस्टअखेर परत आलात तर रांग लागलेली असते.

पुण्यातून काही दिवस काम करणार असाल तर कंपनीची लेखी परवानगी घ्या. लॅपटॉप भारतात नेऊ न देणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. पूर्व किनाऱ्याशी उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. तिथले सकाळचे ९ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसहा, नेमकी पाहुण्यांची वेळ. तेव्हा मुंजीच्या आधीचे चार दिवस पूर्ण रजाच काढा. देखभालीसाठी वीज आणि पाणी पुण्यात बहुधा गुरुवारी बंद असतं, राउटरसाठी छोटा यूपीएस घेऊन ठेवला की मीटिंग तुटत नाही. अमेरिकेतल्या बँकेचे ओटीपी यावेत म्हणून तिथल्या फोनवर वाय-फाय कॉलिंग निघण्याआधी चालू करा, भारतात पोहोचल्यावर ते चालू होईलच असं नाही.

लसीसाठी चार ते सहा आठवडे आधी मुलाच्या डॉक्टरकडे जा. टायफॉइडचं इंजेक्शन प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायला हवं आणि ते दोन वर्षं पुरतं. मागच्या फेरीला घेतलं होतं म्हणून यंदा चालेल असं नाही, तारीख बघा. पावसाळा आहे, हिवतापाच्या गोळ्यांबद्दलही विचारा. पोट बिघडलं तर ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या पाण्यातच विरघळवायची. एक लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये घातली तर मीठ जास्त होऊन मुलाला उलट त्रास होतो. दुकानातली टेट्रापॅकमधली गोड फळपेयं ओआरएस नव्हेत.

आता सासू-सासरे. त्यांचा बी-२, म्हणजे पर्यटक व्हिसा, चालू आहे असं धरू. अमेरिकेत उतरल्यावर साधारण सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो, म्हणजे ऑगस्टमध्ये आले तर फेब्रुवारीपर्यंत. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तेव्हा ते तुमच्याकडे असतील. जीवन प्रमाण आता मोबाइलवर चेहरा ओळखून देता येतं. सासऱ्यांचा आधार क्रमांक आणि पेन्शनचा पीपीओ क्रमांक घेऊन पुण्यातच त्यांच्या फोनवर ॲप एकदा चालवून बघा. दाखला चुकला तर पेन्शन थांबते, आणि ती परत सुरू करायला बँकेत जाणारं भारतात कोणी नसतं. भारतीय सिमला ९० दिवस काहीच वापर नसेल तर ते बंद होऊ शकतं आणि बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी रोमिंगचं साधं रिचार्ज करून घ्या.

त्यांचा आरोग्य विमा निघण्याच्या दिवसापासून घ्या. स्वस्त योजनांत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम असते. अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या एका रात्रीला ती कुठल्या कुठे पुरत नाही. सर्वसमावेशक योजना महाग असते, पण पन्नाशीपुढच्या माणसासाठी तीच घ्यावी. आधीपासूनचा मधुमेह-रक्तदाब कुठलीच योजना पूर्ण उचलत नाही, ‘अचानक बळावला तर’ एवढंच देतात आणि वय ७०च्या पुढे गेलं की तेही कमी होतं. औषधं राहण्याच्या काळाला पुरतील इतकी, मूळ वेष्टनात. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्या, कारण आपल्याकडचं ब्रँडचं नाव अमेरिकेतल्या औषधवाल्याला कळत नाही. व्हीलचेअर किमान ४८ तास आधी नोंदवा.

सामानात तांदूळ नको. आंबेमोहोर कितीही चांगला असला तरी खापरा किडीच्या भीतीने भारतातून प्रवाशाने नेलेला तांदूळ काढून घेतात. कढीपत्ता, आंबे, ताजी फळंही तशीच जातात. लोणचं, पापड, मेतकूट, भाजणी चालते, पण फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ आहेत’ला हो म्हणा. लपवलेल्याला दंड आहे, सांगितलेल्याला फार तर जप्ती. ३५० मिलीपेक्षा जास्त पीठ हातातल्या बॅगेत असेल तर तपासणी वाढते, ते मोठ्या बॅगेत टाका. अनारशांसाठी खसखस घेणाऱ्यांनी विमान दुबईमार्गे आहे का ते बघावं. तिकडे ती अमली पदार्थांत मोजतात.

तिकीट काढताना दोन गोष्टी. १९ जुलैला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना ईस्ट रदरफर्डला आहे, त्या सुमारास न्यूअर्क आणि जेएफकेला उतरणं-चढणं टाळा. आणि २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे. नागपूर किंवा गोव्याचं जोडविमान घेताना तिकिटावर बीओएम (जुना मुंबई विमानतळ) आहे की एनएमआय (नवी मुंबई) ते वाचा. दोघांमध्ये पावसाळ्यातल्या रस्त्याचा प्रवास आहे. पुण्याहून मुंबईला रात्रीच्या विमानासाठी निघताना घाटासाठी नेहमीपेक्षा दोन तास जास्त धरा.

परत आल्यावर बॅगा उघडण्याआधी पाचही जणांतल्या ज्यांना आय-९४ लागतो त्या चौघांचा तो सीबीपी या अमेरिकी सीमाखात्याच्या साइटवरून उतरवून घ्या. नाव, व्हिसाचा वर्ग आणि तारीख तपासा. सासूबाईंचा बी-२ऐवजी बी-१ (व्यवसायाचा) लागला असेल किंवा तुमची तारीख आय-७९७पेक्षा कमी दिसत असेल तर त्याच आठवड्यात सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन, म्हणजे नोंदी दुरुस्त करणाऱ्या, कार्यालयाशी संपर्क साधा.